कुंकू लावलेली पक्कड

“हात घाल की. बघतीस काय?”

हेडसर हे म्हणाले तेव्हा मी मुलींच्या संडासात उकिडवी बसले होते. नववीत होते. भांडं तुंबलेलं. पाणी काठापर्यंत आलेलं, त्यावर माश्या. माझ्या हातात काही नव्हतं. मोजे नाहीत, काठी नाही, साधी प्लास्टिकची पिशवी नाही. दारात हेडसर नाकाला रुमाल लावून उभे. त्यांच्या मागं अ तुकडीच्या मुली, त्यांच्याही नाकाला रुमाल. त्यांचा पुढचा तास गणिताचा होता. माझा प्रॅक्टिकलचा.

“सर, आमचा विषय इलेक्ट्रिकल हाय,” मी म्हणाले.

“व्होकेशनल हाय ना? मग आज प्लंबिंग समज. आन् तुला कशाची घाण वाटतीया? तुमच्याकडं सवय असती ह्याची.”

तुमच्याकडं म्हणजे बौद्धवाड्यात. माझे बाबा कुरकुंभच्या एका कंपनीत ठेकेदाराकडं ड्रम उचलायचे. आई गुऱ्हाळावर चिपाडं वाळत घालायची. आमच्या घरात कुणी कुणाचा संडास काढला नव्हता. आणि काढत असते तरी काय झालं असतं? मी शाळेत त्यासाठी आले नव्हते. पण आमच्या घरात कोण काय करतं हे हेडसरांना माहीत असायची गरज नव्हती. कुठल्या गल्लीतून येते ते माहीत होतं, तेवढं त्यांना पुरे होतं.

मी हात घातला. कोपरापर्यंत. आत बोळा लागला, तो ओढला. वेफर्सची पाकिटं, वहीचे कागद आणि कुणाचं तरी वापरलेलं पॅड. ते वर आलं तशी मागं एक मुलगी ओकारी काढत पळाली. बाकीच्या हसल्या. ते पॅड त्यांच्यातल्याच कुणाचं तरी असणार, कारण आम्ही ब तुकडीच्या मुली तेव्हा घरचं कापड वापरायचो. भांडं गुडगुडत मोकळं झालं. हेडसर म्हणाले, “जमलं का न्हाई? ह्यालाच म्हणत्यात कौशल्य.”

साबण नव्हता. नळाखाली मातीनं हात घासला. दुपारी डबा उघडला, भाकरीकडं उजवा हात जाईना. डाव्या हातानं खाल्ली. अजून जेवायला बसताना मी आधी उजव्या हाताचा वास घेते. रूमवरच्या मुली हसतात. हसू द्या.

मी आता आहे-नाही असं नीट बोलते. शिकले तसं. राग आला की मात्र हाय-न्हाईवर येते. ह्या सगळ्यात मी कधी कुठल्या भाषेत जाईन सांगता येत नाही.

आमचं गाव भांडगावच्या पलीकडं, सोलापूर हायवे सोडून आत. शाळा एका संस्थेची. संस्थेचे अध्यक्ष गावातलेच मोठे बागायतदार. सोसायटी त्यांची, दूध डेअरी त्यांची. सगळे त्यांना भाऊसाहेब म्हणायचे. शाळेत आठवी संपली की वाटणी व्हायची. हेडसर वर्गाच्या दारात उभे राहायचे आणि बोट दाखवायचे. तू इकडं. तू तिकडं. इकडं म्हणजे अ तुकडी, सेमी इंग्लिश. तिकडं म्हणजे ब तुकडी, व्होकेशनल. तिकडं कोण गेलं? आमच्या वाड्यातली सगळी पोरं. पारध्यांची दोन होती ती. ऊसतोडीच्या कोपीवरची, पाचटाच्या झोपडीतली. आणि पाटलांच्या भावकीतला एक, ज्याला वाचता येत नव्हतं. माझे आठवीत गणितात वर्गात दुसरे मार्क होते. मी हेडसरांना तसं म्हणाले. ते हसून म्हणाले, “अगं, तुम्हाला पुढं हातानंच कामं करायची हायेत. मग आत्तापासून शिका की.”

आणि मला खरं सांगायचं तर राग आला नव्हता. मला आनंद झाला होता. इलेक्ट्रिकल म्हटल्यावर मला वाटलं, चला, नशीब उघडलं.

कारण असं होतं. आमच्या वाड्यात लाईट गेली की ती गेलेलीच असायची. गावात फ्यूज उडाला तर वायरमन चहा संपायच्या आत यायचा. आमच्याकडं यायचा तेव्हा खांबाजवळच थांबायचा. घरात बिघाड असला तर दारातूनच म्हणायचा, आतलं माझं काम न्हाई. बाबा त्याच्या गाडीमागं चालत जायचे, साहेब साहेब करत. माझे बाबा, जे एरवी कुणाला साहेब म्हणत नाहीत. उन्हाळ्यात आजी अंगणात पडून पदरानं वारा घ्यायची आणि मी त्या काळ्या बल्बकडं बघत बसायचे. मला एवढंच पाहिजे होतं. आमच्या वाड्याची लाईट आमच्या हातात. कुणाच्या मागं जायचं नाही. त्यासाठी मी तिकडं खुशीनं गेले. ह्या शाळेत हे मला कुणी शिकवणार नाही, असं माझ्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

दोन वर्षांत आमची प्रॅक्टिकलं काय झाली ते ऐका. शाळेला चुना दिला. भाऊसाहेबांच्या उसात ड्रीपच्या नळ्या अंथरल्या. भाऊसाहेबांची गाडी धुतली, आतून गाद्या काढून धुतली. भाऊसाहेबांच्या पोराचं लग्न झालं तेव्हा सबंध ब तुकडी मांडवात. अ तुकडीच्या पोरी नटून पाहुण्यांना गुलाब देत होत्या, वाढायला होत्या. आम्ही उष्टी ताटं उचलायला. वाढायला आमच्यातलं कुणी नाही, हे कुणी बोललं नाही. बोलावं लागलंच नाही. खरकट्या बादलीत हात घालून जिलेबीचे तुकडे, हाडकं, द्रोण वेगळे करायचे. दुसऱ्या दिवशी हजेरीत प्रॅक्टिकल पूर्ण.

आम्हाला शिकवायला एक सर होते, ढोले सर. शिरूरहून मोटारसायकलवर यायचे. कुठल्या तरी एजन्सीनं नेमलेले. बाकीचे शिक्षक त्यांना सर म्हणत नसत, ट्रेनर म्हणत. स्टाफरूममध्ये त्यांना खुर्ची नव्हती, जिन्याखाली एक बाक होता. माणूस वाईट नव्हता. पण इलेक्ट्रिकलचा नव्हता. “मी मुळात फाउंड्रीचा माणूस,” एकदा आम्हालाच म्हणाले, “मला पाठवलं, मी आलो.” ते पुस्तकातून वाचून दाखवायचे. करंट म्हणजे काय, रेझिस्टन्स म्हणजे काय. आम्ही ते लिहून घ्यायचो, पाठ करायचो. वायर कशी असते ती आम्ही फळ्यावर बघितली.

आणि शाळेत हत्यारं होती. हे ध्यानात घ्या. नव्हती असं नाही. सरकारकडून पेटी आली होती. निळी, पत्र्याची, कुलपाची. आत पक्कड, टेस्टर, स्क्रू ड्रायव्हर, मीटर, सगळं नवंकोरं, एकेक वस्तू प्लास्टिकच्या पिशवीत. हेडसरांनी ती ऑफिसात कपाटावर ठेवली. ढोले सर मागायला गेले तर म्हणाले, “पॅकिंग फोडू नका. पोरं हरवत्यात. तपासणीला काय दाखवायचं मग?”

पेटी वर्षातून एकदा खाली यायची. खंडेनवमीला.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कोयता, कुदळ, सुताराची करवत, ड्रायव्हरची गाडी. वर्षभर राबतं त्याला त्या दिवशी आराम. पटो न पटो, राबणाऱ्याच्या हातून होतं ते. आमच्या शाळेत भाऊसाहेब यायचे. लाल कापड अंथरायचं. पेटी उघडून हत्यारं पिशव्यांतून काढून मांडायची. झेंडूच्या माळा. मग भाऊसाहेब तांब्यानं पाणी शिंपडायचे, हळद, वर कुंकू, बोटानं दाबून दाबून. नारळ पेटीच्या कडेवरच फोडायचे, पाणी सगळं हत्यारांवर. फोटो. टाळ्या. पेढे.

पहिल्या वर्षी मी पुढं होते, रांगोळी मीच काढली होती. पक्कड अशी समोर, पिवळ्या मुठीची. मला नुसतं बघायचं होतं, तोंड कसं उघडतं. मी हात पुढं केला.

“ए, लांब. पूजेला शिवू नको,” हेडसर म्हणाले.

सगळे वळून बघायला लागले. मग हेडसरांच्या लक्षात आलं असावं की शब्द जुना निघाला. हसले. म्हणाले, “शॉक बसंल तुला.”

लाल कापडावरच्या पक्कडीचा शॉक. भाऊसाहेबही हसले. आमच्या तुकडीची पोरंसुद्धा हसली, कारण सगळे हसत होते. मी हात मागं घेतला आणि फ्रॉकच्या मागं लपवला. त्या हाताची मलाच लाज वाटली. ती लाज मी किती दिवस बाळगली, ह्याचीच आता मला शिसारी येते.

पूजा झाल्यावर ढोले सर म्हणाले, “सर, पुसून ठेवू का? ओलं हाय सगळं.”

“पूजेचं कुंकू पुसायचं असतं व्हय? काय पण बोलता.”

मग ती हत्यारं तशीच, हळदी-कुंकवाच्या राडीसकट, नारळाच्या पाण्यासकट, परत प्लास्टिकच्या पिशव्यांत. झाकण. कुलूप. कपाटावर. दोन्ही वर्षी हेच झालं.

नववीच्या सुट्टीत मी पाबळला मावशीकडं गेले. तिथं एक शाळा आहे, पोरं हातानं शिकतात. मावशीची मुलगी, माझी ताई, तिथं जायची. एक दिवस मला घेऊन गेली. मी दारातच थांबले. आत मुली पत्रा कापत होत्या. एकीच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा. एकीची नखं काळी, आणि तिला त्याचं काही नव्हतं, त्याच हातानं तिनं शेंगदाणे खाल्ले. मला वाटलं, कुणी तरी ओरडेल आता. कुणी ओरडलं नाही.

ताईनं माझ्या हातात पक्कड दिली. म्हणाली, “धर. अशी. ही वायर सोल.”

मी दाबलं, ती मिटली. सोडलं, उघडली. तेल दिलेलं होतं. मी नुसतीच ती उघडमीट करत राहिले. ताई म्हणाली, “अगं वायर सोल ना.” मी कडेला तोंड करून उभी राहिले कारण डोळ्यात पाणी आलं होतं आणि कारण सांगता आलं नसतं. मला त्या दिवशी कळलं की प्रॅक्टिकल म्हणजे हे. आपल्याला जे करायला लावतात त्याला नुसतं ह्याचं नाव दिलंय.

दहावी सुरू झाली तसं मी ढोले सरांना विचारलं, “सर, आपली पेटी कवा उघडायची?”

ते इकडंतिकडं बघून म्हणाले, “माझंच इथं काय खरं न्हाई गं. मी कुणाच्या तोंडी लागू?”

मग मी हेडसरांकडं गेले. दारात उभी राहून विचारलं, सर, आम्हाला हत्यारं वापरायला द्या. त्यांनी मान वर केली नाही. म्हणाले, “हात घाण करायची लई हौस आलीया व्हय? मग मागल्या बाजूला जा. संडास तुंबलाय.”

मी गेले नाही. वर्गात जाऊन बसले. त्यांनी दुसऱ्या मुलीला पाठवलं, पारध्यांच्या. ती परत आली तेव्हा तिचे हात तिनं स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते, एवढं उकडत असून. तिला मी काय सांगणार होते?

मग दहावीची प्रॅक्टिकल परीक्षा आली. बाहेरून परीक्षक येणार. आदल्या दिवशी हेडसरांनी आम्हाला रांगेत उभं केलं. दौंडच्या एका इलेक्ट्रिकच्या दुकानातून तयार बोर्ड आणले होते. लाकडी फळी, एक बटण, एक होल्डर, एक बल्ब. प्रत्येकाला एकेक. “परीक्षक विचारतील, हे कुणी केलं. म्हणायचं, मी केलं सर. बटण दाबायचं. बल्ब पेटला की मागं सरायचं. जास्ती तोंड उघडायचं न्हाई.” आम्ही ते सगळ्यांनी मिळून म्हणून दाखवलं. मी केलं सर. मी केलं सर. ढोले सर जिन्याखालून ऐकत होते.

परीक्षेच्या दिवशी सकाळपासून शाळेत गावरान कोंबडीचा वास. भाऊसाहेबांच्या घरून पातेली आलेली. टेबलावर लाल कापड, तेच, खंडेनवमीचं. त्यावर निळी पेटी. हेडसरांनी ती फक्त उघडून ठेवली होती, पिशव्या काढल्या नव्हत्या. दाखवायला.

परीक्षक जाडसर गृहस्थ होते, घाम पुसत आले. एकेकाजवळ जायचे. हे कुणी केलं? मी केलं सर. बल्ब पेटायचा. छान. पुढं. पाटलांचा पोरगा घाबरून बटण दाबायचंच विसरला, तरी छान. मग माझ्यापाशी आले. काय मनात आलं कुणास ठाऊक, कंटाळले असतील. पेटीतून पक्कड काढली, पिशवी फाडली आणि वायरचा तुकडा माझ्या हातात देऊन म्हणाले, “बाळ, एवढी वायर सोलून दाखव.”

माझ्या हातात ती पक्कड आली. दोन वर्षांनी. पिवळी मूठ चिकट होती. तोंडावर तपकिरी थर, गंज की कुंकू ते कळत नव्हतं, दोन्ही एक झालेलं. सांध्यात झेंडूची पाकळी सडून काळी पडलेली. कुबट वास आला, गोडसर, सडक्या नारळाचा. मी मूठ दाबली, हलली नाही. ओढली, उघडली नाही. दोन्ही हातांनी ताणली. नाही म्हणजे नाही.

हेडसर मागून आले, माझ्या पाठीवर हात ठेवून परीक्षकांना म्हणाले, “घाबरलीय सर. मुलगी आहे ना. आणि घरचं वातावरण पण तसंच.”

पाठीवरचा तो हात. मला आत्ताही तो आठवला की अंग झटकावंसं वाटतं. मी मान खाली घालून हसले असते तर तिथंच मिटलं असतं. तेवढंच अपेक्षित होतं. मी घाबरट आहे, माझं घर तसंच आहे, एवढं मान्य करायचं, की छान आणि पुढं.

मी अंग बाजूला काढलं. म्हणाले, “सर, मी घाबरले न्हाई. पक्कड उघडत न्हाई. हिला दोन वर्षं कुणी कामासाठी हात लावला न्हाई. नुसती पूजा केली. आन् हा बोर्ड मी केला न्हाई. दुकानातनं आणलाय. सगळ्यांचेच आणलेत.”

मला वाटलं आता काही तरी होईल. खरंच वाटलं. परीक्षकांनी पक्कड माझ्या हातातून घेतली. उलटसुलट करून बघितली. सांध्याला नख लावून बघितलं. त्यांना सगळं कळलं, मी त्यांचा चेहरा बघत होते, त्यांना कळलं. मग त्यांनी ती लाल कापडावर ठेवली. बोटाला कुंकू लागलं होतं, ते रुमालानं पुसलं. आणि हेडसरांना म्हणाले, “तुम्ही जेवण तयार आहे म्हणाला होता ना?”

एवढंच. मी वाट बघत होते आणि त्या माणसाला भूक लागली होती.

ते जेवले. ऑफिसात, पंख्याखाली. अ तुकडीच्या मुली वाढत होत्या. आम्हाला बाहेर व्हरांड्यात थांबवलेलं, ताटं उचलायला. आतून हाडं चोखल्याचा आवाज येत होता. मग हेडसरांनी हाक मारली. माझंच नाव घेऊन. मी दारात गेले.

“ताटं उचल,” ते म्हणाले. हसत. झालं गेलं विसरलो, असं ते हसू.

“न्हाई उचलणार.”

“काय म्हणालीस?”

“ज्यानं खाल्लं त्यानं उचलायचं.”

परीक्षक बडीशेप चावत होते, ते थांबले. भाऊसाहेब कोपऱ्यात होते, त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं. हेडसरांचं हसू गेलं. “दहावीचं वर्ष हाय तुझं. प्रॅक्टिकलचे मार्क माझ्या हातात हायेत, कळतंय का? आयटीआयला जायचंय ना तुला?”

जायचं होतंच. त्याचसाठी तर सगळं. आजी डोळ्यापुढं आली, अंगणात पडलेली. पण समोर ती ताटं होती, रस्सा सुकत आलेला, हाडकांवर माशी. आणि मला एवढं स्वच्छ कळलं की ही उचलून जे मार्क मिळतील त्यांना हाच वास येईल. मी म्हणाले, “असू द्या तुमच्या हातात.” आणि चालू पडले.

फाटकाजवळ ढोले सर मोटारसायकलवर बसून होते. मला बघून खाली उतरले. हळूच म्हणाले, “माझं नाव घेतलं न्हाईस ना?” मी त्यांच्याकडं बघितलं आणि फाटकाबाहेर पडले. बिचारा म्हणतात अशा माणसाला. मला तेव्हा त्याचीही किळस आली.

घरी आईला सगळं सांगितलं. वाटलं जवळ घेईल. ती चुलीपुढं होती, म्हणाली, “लग्नात उचललीस तवाच न्हाई म्हणायचं होतं.” आणि भाकरी थापत राहिली.

निकाल लागला. प्रॅक्टिकलला मला पैकीच्या पैकी.

सगळ्यांना पैकीच्या पैकी. बटण न दाबलेल्यालाही. एकटीला कमी दिले असते तर कुणी तरी का म्हणून विचारलं असतं. दाखला घ्यायला गेले तेव्हा हेडसर म्हणाले, “बघ, आम्ही मनात काय ठेवत न्हाई.” त्या दिवशी संडासात हात घातला होता त्याहून जास्त घाण मला त्या कागदाची वाटली. मी खरं बोलले होते आणि त्यांनी ते खरकट्यात टाकून दिलं होतं. फेकून द्यावासा वाटला. आणि फेकताही येत नव्हता, कारण पुढं त्याच्याशिवाय कुणी दारात उभं करत नाही.

आयटीआयला नंबर लागला, इलेक्ट्रिशियनला. पहिल्याच आठवड्यात निदेशक म्हणाले, “व्होकेशनल करून कोण आलंय? पैकीच्या पैकी? ये, वायर सोलून दाखव ह्यांना.” मी पुढं गेले. पाबळला एकदा पक्कड धरलेली, तेवढ्या जोरावर. वरच्या प्लास्टिकबरोबर आतली तारही कापून टाकली. मुलं हसली. पैकीच्या पैकी, पैकीच्या पैकी, हेच माझं नाव पडलं. मी सगळं पहिल्यापासून शिकले. उशिरापर्यंत थांबून, बोटं कापून घेऊन. शिकले. वाड्यात आता लाईट गेली की पोरं मला फोन करतात. बाबा कुणाच्या गाडीमागं जात नाहीत.

पण मी एकटी. माझ्या तुकडीतले बाकीचे? मी रांजणगावला एका कंपनीत अप्रेंटिस होते, कारेगावात रूम करून. तिथं गेटवर मला आमचा एक पोरगा भेटला. तेच सर्टिफिकेट प्लास्टिकमध्ये घालून आणलेलं. सुपरवायझरनं ते बघितलंही नाही. “वो रख, माल उठा.” तो माल उचलायला गेला. हेडसर खरं तेच म्हणाले होते, तुम्हाला पुढं हातानंच कामं करायची हायेत. त्यांनी तशी सोय करून ठेवली होती.

आता मी स्वतः ट्रेनर आहे. शिरूर तालुक्यातल्या एका शाळेत, एजन्सीमार्फत. कारेगावहून जाऊन-येऊन करते. स्टाफरूममध्ये मलाही खुर्ची नाही. पहिल्या दिवशी मुख्याध्यापक म्हणाले, “मॅडम, पेटी आहे आपल्याकडं. पॅकिंग अगदी शाबूत आहे. इन्स्पेक्शनला बरं पडतं.” गोड बोलतात, शिकलेले आहेत. मी किल्ली मागितली. ते म्हणाले बघू. रोज मागितली. शेवटी त्यांनी कंटाळून दिली. मी वर्गात पेटी नेली आणि मुलांच्या समोर एकेक पिशवी दातानं फाडली. पहिल्या मुलीच्या हातात पक्कड दिली. तिनं विचारलं, “मॅडम, मी धरू?” हे ‘मी धरू’ माझ्या काळजात गेलं.

आता त्या पक्कडीच्या मुठीचा रंग उडालाय. एक टेस्टर मोडला. मुख्याध्यापकांनी त्यावरून मला ऑफिसात उभं केलं. उभी राहिले. त्यांनी प्रॅक्टिकलच्या तासाला गच्ची झाडायला पोरं मागितली. मी दिली नाहीत. तेव्हापासून माझ्याशी बोलणं कमी झालंय.

उद्या खंडेनवमी. आज सकाळी मुख्याध्यापक वर्गाच्या दारात येऊन म्हणाले, “मॅडम, अध्यक्ष स्वतः येतायत उद्या. हत्यारं धुऊन पेटीत लावून ठेवा. फोटो काढायचेत. आणि मुलींना सांगा, ज्यांना अडचण असेल त्यांनी पूजेपासून लांब राहायचं.” वर्गातल्या मुली ऐकत होत्या. पहिल्या बाकावरचीनं हात टेबलाखाली घेतले. मी ते बघितलं.

हो म्हणाले मी. ते गेले. मग मी हत्यारं धुतली नाहीत. वाटून टाकली. पक्कड एकीला, टेस्टर एकाला, मीटर तिघांत मिळून. सांगितलं, आजच घरी न्या, दसऱ्याची सुट्टी संपेपर्यंत ठेवा. मेन बंद करायचा, घरच्यांना उभं करायचं, आणि आपल्या घरातलं एक बिघडलेलं बटण दुरुस्त करून यायचं. टेबलाखाली हात नेलेली ती मुलगी म्हणाली, “मॅडम, हरवलं तर?”

“हरवलं तर हरवलं,” मी म्हणाले, “गंजलं तर मात्र माझ्याशी गाठ हाय.”

पेटीला कुलूप लावून ती मी ऑफिसात टेबलावर ठेवून आले. त्यांनी लाल कापड अंथरून ठेवलं होतंच.

उद्या अध्यक्ष तांब्या घेऊन उभे ऱ्हातील आन् झाकण उघडतील. आत काय न्हाई. इचारतील, हत्यारं कुठं हायेत. मी पुढं होऊन सांगणार हाय, पोरांच्या हातात हायेत, पूजा करायची तर रिकाम्या पेटीची करा. मला काढतील, मला ठावं हाय. काढू द्या. दुसऱ्या शाळेत जाईन. तिथंबी कपाटावर एक निळी पेटी असंल, पॅकिंगमधली. तीबी फोडीन.